घंटेआधी हात खाली

त्या हॉलमध्ये नियम एकच होता आणि तो भिंतीवर लिहिलेला नव्हता, कारण लिहायची गरजच पडत नव्हती. घंटा व्हायच्या आधी ज्याचे हात खाली येतील, त्याला समोरच्याने एक ठोसा फुकट मारायचा. मारला तर चालेल असं नाही, मारायचाच. दया येऊन कोणी मागे सरला तर दोघांनाही ग्लोव्हज काढायला लावून घरी पाठवलं जाई. खाली टायरवर नवीन रबर चढवायचं दुकान आणि वर हा बॉक्सिंगचा हॉल. खालून जळक्या रबराचा वास, वर घामाचा, आणि मधोमध दोरांनी आवळलेली रिंग. नवीन आलेला गडी पहिल्याच आठवड्यात तो फुकटचा ठोसा खायचा आणि पुढे जन्मभर, जांभई देतानासुद्धा, हात हनुवटीपाशी धरायचा.

हा नियम ज्याने काढला त्याला सगळे तोंडावर सर म्हणत आणि पाठीमागे हातोडा. पन्नाशी उलटलेली, मान आणि डोकं एकाच जाडीचं, नाक दोनदा मोडून स्वतःच्या सोयीने बसलेलं. ऐन उमेदीत तो बराच लढला आणि बहुतेक हरला. पण हरतानाही कधी खाली पडला नाही, आणि एवढ्या एकाच गोष्टीवर त्याने पुढचं आयुष्य काढलं. "हरलो असेन, पण झोपलो नाही," हे त्याचं वाक्य हॉलमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. शिक्षण बेताचं, मित्र नाहीत, गोड बोलण्याची तर बोंबच. उभं राहायचं आणि हात वर ठेवायचे, एवढंच त्याच्याजवळ होतं. ते गेलं तर मागे काहीच उरणार नव्हतं, आणि हे त्याच्याइतकं पक्कं दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

तो चांगला माणूस होता असं कोणी म्हणणार नाही, आणि कोणी म्हटलंच तर ऐकून घ्यायचं कारण नाही. त्याच्या बायकोचा जबडा जेवताना कट् असा वाजायचा. मुलगी लहान असताना एका संध्याकाळी बायको कसल्याशा किल्लीवरून दोन शब्द उलटून बोलली, आणि याने तिला डाव्या हाताने एक लगावली. उजवा वापरला नाही, हे तो पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आला. दवाखान्यात तिने बाथरूममध्ये घसरले म्हणून सांगितलं आणि डॉक्टरांनी ते लिहूनही घेतलं. त्यानंतर त्याने तोंडावर मारणं सोडलं, पाठीवर आणि दंडावर मारायचा, आणि याला तो आपली सुधारणा समजायचा. अलीकडे तेही कमी होऊन दरवाजे आणि ताटल्यांवर भागत होतं. रोज जेवताना तो कट् ऐकायचा आणि ताटात बघून जेवायचा.

बायको घरी शिवणकाम करायची. पडदे, शाळेचे गणवेश, लोकांच्या लांब झालेल्या पँटी. हॉलमधल्या फाटक्या बॅगाही तिच्याकडेच येत. पोरांनी ठोसे मारून उसवलेलं ते जाड कातडं ती दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन शिवायची आणि परत मार खायला पाठवायची. हातोड्याला एक कोडं कधी सुटलं नव्हतं: ही शिवते तरी कधी? तो घरी येई तेव्हा मशीनवर झाकण असे आणि ही ओट्याला टेकून उभी, ताट वाढलेलं, तोंड स्वच्छ धुतलेलं, कपाळावरचे केस ओले. मशीनचा आवाज त्याने लग्नानंतर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा ऐकला असेल. बाईला वळण आहे, नवरा यायच्या वेळेला तोंड धुऊन तयार राहते, असा त्याने आपला अर्थ लावून घेतला होता आणि चारचौघांत तो सांगायचाही.

तर असा हा माणूस एका सकाळी दोरीवरच्या उड्या मारत होता आणि अचानक त्याच्या छातीत कोणीतरी बटण दाबलं.

हळूहळू वाढत गेलं असं काही नाही. एका क्षणी हृदय आपलं नेहमीसारखं चाललं होतं आणि दुसऱ्या क्षणी ते सैरावैरा पळत सुटलं. गळ्यात धडधड, कानात धडधड, दातांच्या मुळाशीसुद्धा धडधड. घशाला कोरड पडली, गुडघ्यांचं पाणी झालं, हॉलच्या कडा काळ्या पडायला लागल्या. दोरी पायात अडकली. चारपाच जण बघत होते. मग त्याने काय करावं, तर खाली वाकून बुटाची लेस बांधली. लेस मुळात सुटलेलीच नव्हती. तिची गाठ सोडून तो परत बांधत बसला, आणि छातीतलं ते थांबेना तेव्हा उठून थेट बॅगेवर तुटून पडला. आतून कोणी मारतंय म्हटल्यावर त्याला एकच इलाज माहीत होता, उलट मारायचं. त्याने बॅगेच्या शिवणी उसवेपर्यंत ठोसे घातले. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडात रक्ताची चव आली, आणि केव्हातरी, दिवा जावा तसं, ते आपोआप बंद झालं. हातोड्याला वाटलं, आपण जिंकलो.

पण ते परत आलं. साबण उचलायला वाकला की यायचं. बसच्या पायऱ्या चढताना यायचं. एकदा दाढी करताना आलं आणि गाल कानापासून हनुवटीपर्यंत कापला गेला. आरशातल्या त्या रक्ताळलेल्या तोंडाकडे बघताना, हे तोंड घाबरलेल्या माणसाचं आहे हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने आरशावरच ठोसा मारला. काच फुटली, बोटांत तुकडे शिरले. बाहेर बायको केरसुणी घेऊन उभी राहिली.

हॉलमध्ये लेसांचा विषय आता चघळला जाऊ लागला. सरांच्या लेसा दिवसातून दहा वेळा सुटतात म्हणून एका टवाळाने त्याला चिकटपट्टीचे बूट आणून दिले. हातोड्याने त्यातला एक त्याच्या डोक्यात घातला, दुसरा खिडकीबाहेर फेकला. त्याचा राग तसा प्रसिद्ध होता, पण आता त्याला धरबंद राहिला नव्हता. एक प्लंबर रोज काम आटोपून यायचा, पाईप पिळून पिळून मनगटं लोखंडी झालेली, स्वभावाने गरीब. त्याच्याशी सराव करताना घंटा वाजली, प्लंबरने हात खाली घेतले, आणि हातोड्याने घंटेनंतर त्याला ठोसा मारला. प्लंबरने वाकून तळहातावर एक दात थुंकला आणि त्याच्याकडे बघत राहिला.

"सर, घंटा झाली होती," तो म्हणाला.

"मला ऐकू आली नाही."

आणि ते खरंच होतं. त्याच्या कानात त्या वेळी दुसराच ठोका चालू होता. पण हे तो सांगणार कसं? तो रिंगमधून बाहेर पडला आणि जिन्यात जाऊन लेस बांधत बसला.

त्याच रात्रीपासून त्याला मरणाची भीती वाटायला लागली. मरणाची म्हणण्यापेक्षा पडण्याची. सगळ्यांसमोर, पाठीवर, तोंड उघडं टाकून. म्हणून तो गुपचूप एका दवाखान्यात गेला. डॉक्टरबाई त्याच्या मुलीपेक्षा फार मोठी नसेल. तिने छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली आणि पट्टीत काहीच दोष निघाला नाही, कारण त्या घडीला हृदय गायीसारखं गरीब होऊन बसलं होतं.

"हे चालू असताना या, तेव्हाच पट्टीवर दिसेल," बाई म्हणाली. "तुम्ही सांगता त्यावरून वाटतं, हृदयात विजेची एखादी जादा वाट असावी. करंट तिच्यातून गोल गोल फिरत राहतो. तसं असेल तर एक बारीक नळी आत घालून ती वाट जाळता येते. तोपर्यंत मारामारी बंद. आणि ते सुरू झालं की जिथे असाल तिथे खाली बसायचं."

"खाली बसायचं?"

"बसा नाहीतर आडवे व्हा. श्वास कोंडून, संडासला जोर करतो तसा पोटात जोर द्या. नाहीतर गार पाण्यात तोंड बुडवा. बऱ्याचदा थांबतं. न बसता उभे राहिलात आणि चक्कर आली तर कुठे डोकं आपटेल याचा नेम नाही."

हातोडा उठला. खाली बसा म्हणे. जन्मभर जे केलं नाही ते ही पोर त्याला वहाणा घालायला सांगितल्यासारखं सांगत होती. त्याने तिने लिहून दिलेल्या गोळ्यांचा कागद चुरगाळून खिशात कोंबला आणि घरी कोणाला काही बोलला नाही.

मुलगी त्याच्याच हॉलमध्ये लढायची. अंगाने वडिलांवर गेलेली, गप्प राहण्यात आईवर. घरी बाबा, हॉलमध्ये सर, असं तिचं कडक चाले. तो हातांत पॅड चढवून उभा राहायचा आणि ती त्यांवर ठोसे मारायची. एका संध्याकाळी ती अशी रंगात आली असताना त्याच्या छातीतलं बटण दाबलं गेलं. हातोड्याने दात आवळले. पॅड शिशाचे झाले. एक, दोन, तीन ठोसे त्याने कसेबसे झेलले, आणि मग त्याचे दोन्ही हात, त्याला न विचारता, खाली आले.

घंटा झाली नव्हती. हॉलमधले सगळे जागच्या जागी थांबले. मुलीने त्याच्याकडे बघितलं. नियम तिला दुधाच्या दातांपासून माहीत होता. तिने तोंडावर मारला नाही, पण जो मारला तो नियमाला लागतो त्यापेक्षा बराच जास्त होता. पोटात, खालून वर, खांद्यापासून सगळं वजन घालून. तो येताना दिसला तसं हातोड्याने श्वास कोंडून पोट दगडासारखं आवळलं. ठोसा बसला, तो दोन पावलं मागे जाऊन दोरावर आदळला, तोंडातून हवा सुटली.

आणि छातीतलं ते थांबलं. चटकन, बटण बंद केल्यासारखं.

"सर, पुढे?" मुलीने विचारलं. तिच्या आवाजात माफी नव्हती.

"पुढे," तो म्हणाला आणि पॅड वर घेतले.

असलं निदान जगात फक्त त्याच हॉलमध्ये होऊ शकलं असतं. हातोड्याने त्या दिवशी ठरवून टाकलं की आपल्या रोगावर औषध म्हणजे पोटात ठोसा. डॉक्टरबाईने पोटात जोर द्या म्हणून सांगितलं होतं आणि ठोसा येताना त्याने नेमकं तेच केलं होतं, पण तेवढं त्याच्या टाळक्यात शिरलं नाही. ठोशावर त्याचा भरवसा जुना होता. मग तो औषध घ्यायला लागला. छातीत सुरू झालं की रिंगमध्ये शिरायचा, जो समोर असेल त्याच्यापुढे उभा राहायचा आणि हात खाली सोडायचा. बिचारा समोरचा गोंधळायचा.

"सर, तुमचे हात."

"मग बघतोस काय. नियम काय आहे?"

की धाड. प्लंबरचा ठोसा सगळ्यांत गुणकारी निघाला, त्यात त्याच्या दाताचाही थोडा भाग असावा. पोरं म्हणाली, सर आपली परीक्षा घेतात, आपण कच खातो की काय ते बघतात. काहींना तर त्याच्याबद्दल नव्याने आदर वाटायला लागला. हातोड्याचं पोट निळं, मग हिरवं, मग पिवळं झालं आणि त्यावर परत निळं चढलं. लघवी दोन दिवस लालसर झाली. तरी तो खूश होता, कारण हात खाली येत होते पण त्याच्या मर्जीने, आणि तो पडत नव्हता. त्याने हॉलबाहेर फिरणंच कमी केलं. बाजारात, बसमध्ये, रांगेत ते सुरू झालं तर पोटात ठोसा मारणारं माणूस कुठून आणायचं? एकदा बसमध्ये सुरू झालं तेव्हा त्याने शेजारच्या धडधाकट प्रवाशाला मुद्दाम शिवी हासडली. त्या प्रवाशाने ठोसा मारला खरा, पण नाकावर.

घरी कोणी हे बघत नाही असं त्याला वाटे. बायको त्याचे बनियन धुवायची, त्यावरचे नाकाच्या रक्ताचे डाग चोळायची, तो अंघोळीहून उघडा आला की पोटाकडे एकदा नजर टाकायची आणि कामाला लागायची.

मग तो रविवार आला. हॉल बंद, मुलगी बाहेरगावी लढतीला गेलेली. भर दुपारी हातोडा एक फाटकी बॅग खांद्यावर टाकून घरी आला. घर दुसऱ्या मजल्यावर, बाहेरून लोखंडी जिना, पाऊल पडलं की अख्खी इमारत वाजायची. शेवटच्या वळणावर छातीतलं बटण दाबलं गेलं. तो कसाबसा आत आला, बॅग धाडकन जमिनीवर टाकली आणि स्वयंपाकघराच्या दारात धरून उभा राहिला. बायको नेहमीसारखी ओट्याला टेकून उभी होती, तोंड धुतलेलं, केस ओले.

त्याने वाट बघितली. थांबेना. या वेळी ते रोजच्यापेक्षा वाईट होतं, शर्टाची बटणं हलताना दिसत होती. डोळ्यांपुढे अंधार यायचा आणि जायचा. हॉल दूर होता, प्लंबर दूर होता. आपण आता पडणार, आणि पडणार ते हिच्या पायाशी, हे त्याला कळून चुकलं. तो दोन पावलं पुढे गेला, तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने हात खाली सोडले.

"मार," तो म्हणाला.

ती ओट्याला आणखी चिकटली. "काय?"

"पोटात मार. जोरात. मग थांबतं ते."

"काय थांबतं?"

जन्मात पहिल्यांदा त्याने सांगितलं. धड वाक्यं होईनात, तुकडे तुकडे बाहेर पडले. छातीत पळतं, घसा सुकतो, पाय जातात, कानात वाजतं. ती ऐकत होती. तिच्या जबड्याची हालचाल झाली आणि कट् असा आवाज आला.

"आणि बोटांना मुंग्या येतात," ती म्हणाली. "आणि वाटतं, आता आपलं काही खरं नाही. आणि कोणाला दिसू नये म्हणून काहीतरी उगीच उचलायचं, ठेवायचं."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे. मला होतं."

"कधीपासून?"

"लग्नापासून धरा. खाली जिन्यावर तुमचा पाय वाजला की."

हातोड्याला आयुष्यात पुष्कळ ठोसे बसले होते, पण त्यातला प्रत्येक ठोसा येताना त्याला दिसला होता. छातीतलं तसंच पळत होतं आणि आता ते कोणाचं आहे हेही त्याला नीट कळेनासं झालं. तिने मूठ आवळली. ती मूठ त्याने बघितली आणि इतकी वर्षं शिकवायची सवय, तोंडातून निघूनच गेलं, "अंगठा बाहेर ठेव. आत असला तर मोडेल."

तिने आपल्या मुठीकडे असं बघितलं जसं काही ती दुसऱ्याच्या हाताची आहे. मग उघडली.

"नको. मला ते येत नाही," ती म्हणाली. "इकडे या."

ओट्याखाली एक पितळी घमेलं पाण्याने भरलेलं होतं. ते रोजच तिथे असायचं. कशाला असतं हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तिने फ्रिजमधला बर्फ त्यात ओतला, घमेलं वर ठेवलं, त्याची मान मागून पकडली आणि तोंड पाण्यात दाबलं.

गारठा चाकूसारखा कपाळातून शिरला. नाकात पाणी गेलं. दाभण कातड्यातून आरपार काढणारी ती बोटं होती, त्यांची पकड साधी नव्हती. छातीत एक मोठा गचका बसला, मग काहीच नाही, मग एक ठोका, सावकाश, मग दुसरा. थांबलं होतं. त्याने डोकं वर काढायला बघितलं. तिने सोडलं नाही.

त्याचे हात ओट्याच्या कडेवर आले. एक झटका दिला असता तर ती समोरच्या भिंतीवर जाऊन आपटली असती, दोघांनाही ते माहीत होतं. पाण्याखाली त्याचे डोळे उघडे होते आणि घमेल्याचा तळ दिसत होता, घासून घासून पातळ झालेला. फुप्फुसं फाटायला आली. मानेवरची बोटं उठत नव्हती. ही आपल्याला सोडेल की नाही, हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. त्याने कडेवरचे हात उचलले आणि दोन्ही बाजूंना खाली सोडून दिले.

आणखी थोडा वेळ तिने त्याला तसंच दाबून धरलं. मग सोडलं.

तो जमिनीवर बसला. बसला म्हणजे पडलाच, पाठ ओट्याला, पाय पसरलेले, खोकत, नाकातून पाणी गळत. तिने टॉवेल त्याच्या अंगावर टाकला आणि आपले हात पुसले.

"मी असंच करते," ती म्हणाली. "तुम्ही वर येईस्तोवर तोंड पुसून होतं माझं."

त्यानंतर जे व्हायचं ते रीतसर झालं. पुढच्या खेपेला ते चालू असतानाच तो दवाखान्यात गेला, वाटेत दोनदा फुटपाथवर बसला, लोक बघून गेले. पट्टीवर सगळं उमटलं. डॉक्टरबाईला त्याने ठोशांचं सांगितलं तेव्हा तिने त्याचं पोट दाबून पाहिलं.

"ठोशाने नाही थांबलं," ती म्हणाली. "ठोसा येणार म्हणून तुम्ही पोट आवळलंत, त्याने थांबलं. खुर्चीत बसून आवळलं असतंत तरी थांबलं असतं. तुमची आतडी फुटली नाहीत हे नशीब."

नळी घालून ती जादा वाट जाळून टाकली. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. काही आठवड्यांनी त्याला हळूहळू दोरी मारायची परवानगी मिळाली. हॉलमध्ये जाऊन त्याने पहिली गोष्ट सांगितली ती ही, की फुकटचा ठोसा बंद.

"का सर?" प्लंबरने विचारलं. दात गेलेल्या जागेतून त्याची शीळ वाजायची.

"मी सांगतो म्हणून."

मुलगी कोपऱ्यात हाताला पट्टी गुंडाळत होती. तिने वर बघितलं आणि ती गुंडाळत राहिली. हातोड्याला वाटलं होतं की हे सांगताना आपली मान खाली जाईल. तसं काही झालं नाही, पोरं मुकाट्याने कामाला लागली. त्याला बरं वाटलं. फार दिवसांनी तो अंगाने आणि मनाने हलका झाला होता, आणि त्या भरात तो नेहमीपेक्षा लवकर घरी निघाला. आता सगळं ठीक होणार असं त्याच्या मनाने घेतलं होतं. बायकोशी काय बोलायचं तेही त्याने वाटेत जुळवलं. तसं ते बोलणं त्या रविवारपासून तोंडापर्यंत येऊन परत जात होतं.

इमारतीपाशी तो आला तेव्हा त्याला वरून एक आवाज ऐकू आला. सलग, भरभर, मधेच जरा थांबून परत धावणारा. मशीन. त्याच्या घरात मशीन चालू होतं आणि त्याबरोबर कोणीतरी अगदी बारीक गुणगुणत होतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, ती गुणगुणते हे त्याला माहीत नव्हतं. तो खाली उभा राहून ऐकत राहिला. मग त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. जिना वाजला.

मशीन थांबलं. गुणगुणणं थांबलं. झाकण बसवल्याचा आवाज आला.

तो तसाच थांबला, एक पाय पायरीवर. छातीत धडधडायला लागलं. त्याने हात छातीवर ठेवून बघितलं. हे बटण नव्हतं. हे खालून पायरी पायरीने चढत होतं, घशापर्यंत आलं, तोंड कोरडं पडलं, बोटांना मुंग्या आल्या. त्याची जादा वाट डॉक्टरांनी एका दुपारी जाळून दिली होती. तिच्या छातीतली वाट त्याने स्वतः पाडली होती, रोज, या जिन्यावरून येऊन जाऊन, आणि ती जाळणारी नळी कुठल्याच दवाखान्यात नव्हती. वाटेत जुळवलेलं बोलणं त्याला आता आठवेना. आठवलं असतं तरी ते घेऊन वर जाण्यासाठी हाच जिना चढावा लागणार होता.

तो पहिल्या पायरीवर बसला. हात गुडघ्यांच्या बाजूला खाली सोडले.

वर नळ सोडल्याचा आवाज आला आणि घमेल्यात पाणी पडायला लागलं.